बिनहळदीचं घर

सांगलीत राहायचं, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचा आणि घरात मात्र चिमूटभर हळद येऊ द्यायची नाही, हे ज्या घराला जमलं त्या घराला पुढचं बाळंतपण अवघड जाणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. आमच्याकडे हा नियम पौषात लागू झाला. बायकोचा दुसरा महिना सरत आला होता आणि तिला हळदीचा वास सोसेना. वरणात नको, भाजीत नको, मिसळणाच्या डब्याचं झाकणसुद्धा तिच्या देखत उघडायला नको. सकाळी फोडणीचा वास आला की ती तोंडावर पदर धरून मागच्या दारी जायची आणि तुळशीजवळच्या पायरीवर बसून राहायची.

आईनं उभा जन्म हळदीशिवाय स्वयंपाक केलेला नव्हता. पण सुनेचा चेहरा बघून तिनं त्या दिवशीच हळदीची वाटी मिसळणातून काढली, फडक्यात बांधली आणि माळ्यावर ठेवून दिली. मग सुरू झालं पांढरं जेवण. पांढरं वरण, पांढरे पोहे, बटाट्याची पांढरी भाजी. फ्लॉवर तर मुळातच पांढरा, तो आणखी पांढरा झाला. पिठल्याला घरात एकदम मान आला, कारण तेवढं एकच जातीचं पिवळं. अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "दवाखान्यातलं जेवण आता घरपोच यायला लागलंय काय?" आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचे दीड महिने अण्णांनी मिठाबद्दलही तक्रार केली नाही.

हळद घरातून गेली तरी मी रोज ती अंगावर घेऊन येतच होतो. पौष-माघात आमच्या यार्डात नव्या हळदीची आवक सुरू होते. उकडून, वाळवून, पॉलिश केलेली हळकुंडं पोत्यांतून उतरतात, सौद्यासाठी पोती फोडली जातात, हमाल ती ओतून दाखवतात, आणि त्या सगळ्याची भुकटी हवेत तरंगत राहते. कानाच्या पाळीमागे, घड्याळाच्या पट्ट्याखाली, वहीच्या कडांवर, सगळीकडे ती बसते. तेव्हा ठरलं की मी पुढच्या दारानं यायचंच नाही. बोळातून मागच्या दारी यायचं, न्हाणीत कपडे काढायचे, कडकडीत पाण्यानं अंग घासायचं आणि मगच घरात पाऊल टाकायचं.

त्या न्हाणीत मी हळद नव्यानं बघितली. साबण लागला की पिवळा डाग लगेच जात नाही, आधी तो विटकरी लाल होतो. नखांच्या कडेला तो लाल रंग रेंगाळतो, हात धुऊन धुऊन थकतात. सदऱ्यावरचा डाग तर साबणाला दादच देत नाही. तो जातो उन्हात. सकाळी दोरीवर घातलेला सदरा संध्याकाळी काढावा तर पिवळेपणा ओसरलेला असतो, नुसत्या उन्हानं. हळदीच्या पेठेतल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मला ते कळलं, कारण त्या महिन्यांत माझे कपडे मीच धूत होतो. ते कपडे घरातल्या बाकीच्या धुण्यात मिसळायचे नव्हते आणि आईच्या गुडघ्यांना जादा वाकायला लावायचं नव्हतं.

शेजारच्या काकू गच्चीवरून रोज हा सोहळा बघत. एका संध्याकाळी त्यांनी आईला ओरडून विचारलं, "लगीन होऊन तीन वर्सं झाली, तुझ्या पोराची हळद अजून उतरंना व्हय गं?" तुळशीच्या पायरीवर बसलेली बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसली. मी न्हाणीच्या आतून ते हसणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंना पावशेर पेढे नेऊन दिले.

चौथा महिना लागला तशी मळमळ ओसरली. बहुतेक बायकांची ती त्या सुमाराला ओसरते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. एके दिवशी भरल्या घरात बायको सहज म्हणाली, "आज वरणात जरा हळद घाला ना." आई स्टूल घेऊन माळ्यापाशी उभी राहीपर्यंत अण्णा ताट घेऊन बसलेसुद्धा. त्या दिवशीचं वरण इतकं पिवळं झालं होतं की दुसऱ्या घरात कुणी खाल्लं नसतं. आम्ही दोनदा मागून घेतलं.

हे सगळं इतक्या लांबणीनं सांगतोय, कारण होणाऱ्या बापाला आपल्याकडे जागाच ठेवलेली नसते आणि मला ती त्या न्हाणीत सापडली. गरोदर बाईला काय करावं हे सांगायला गल्लीच्या गल्ली येते. डाव्या कुशीवर झोप, जड उचलू नकोस, ग्रहणात काही चिरू नकोस, केशराचं दूध पी म्हणजे पोर गोरं होईल. (हे शेवटचं आमच्या घरात एकदाच बोललं गेलं. बायको म्हणाली, माझ्या रंगाचं पोर झालं तर मला आनंदच आहे. तो विषय तिथंच संपला.) बापाला मात्र सगळे एवढंच विचारतात, "मग, पेढे कधी?" जणू मधल्या नऊ महिन्यांत त्यानं मिठाईवाल्याकडे नोंदणी करून ठेवावी आणि स्वस्थ बसावं. मला हे पटत नाही. बाळ पोटात वाढतं ते एकट्या आईच्या, पण त्या आईचं घर रोज बदलत असतं. काय शिजतं, कोण किती वाजता झोपतं, दार कसं लावलं जातं, बादली कोण उचलतं, सगळं हळूहळू सरकत जातं. ते सरकवायला हात लागतात आणि तिथं बापाचे हात हवेत. बाळ आल्यावर बाप व्हायला सुरुवात करू म्हणणारा माणूस कामाला उशिरा येतो.

उशिरावरून दुकान आठवलं. मी शेठजींकडे रजेचा विषय काढला तेव्हा ते गादीवर हिशेबाची वही बघत होते. "ऑगस्टमध्ये पंधरा दिवस रजा पाहिजे," मी म्हणालो. "का रं?" "बाळंतपण आहे." शेठजींनी चष्मा काढला. "तू बाळंत व्हणार हाईस व्हय?" आख्खं दुकान हसलं, तोलारसुद्धा काटा सोडून हसला. मीही हसलो आणि जागचा हललो नाही.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिला 180 दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीतल्या बायकांसाठी 2017 मध्ये कायदा सुधारला आणि पहिल्या दोन बाळंतपणांना 12 आठवड्यांची रजा 26 आठवडे झाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला 15 दिवस मिळतात, तेही पहिल्या दोन अपत्यांपुरते. माझ्यासारख्या दुकानातल्या, कारखान्यातल्या, पतपेढीतल्या बापासाठी मात्र या देशात रजेचा कायदाच नाही. मालकाचं मन हाच त्याचा कायदा. त्यामुळे मागणं भाग होतं आणि हसू झालं तरी उभं राहणं भाग होतं.

हसणं ओसरल्यावर शेठजी थोडा वेळ वहीत बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझा थोरला झाला तवा ऐन हंगाम होता. सौदे सोडून गेलो न्हाई. चौथ्या दिवशी बघितला त्याला, पाळण्यात झोपला होता. तवर समदी त्याला माझ्यापेक्षा जास्त वळखत होती." रजा मंजूर झाली. दिवाळीचा बोनस त्यातनं कापणार नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. तेव्हापासून यार्डातले तीन-चार तरुण कारकून मला बाजूला घेऊन विचारतात, कसं मागितलंस. मी सांगतो, नुसतं मागितलं.

बाळाला पोटात ऐकू येतं, हे आमच्या घरात पहिल्यांदा कळलं ते मिक्सरमुळे. सहावा महिना चालू होता. आई चटणी वाटायला बसली, मिक्सर घर्र झाला आणि ओट्याजवळ उभी असलेली बायको एकदम पोटावर हात धरून म्हणाली, "आई! दचकलं!" आईनं मिक्सर बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा आतून लाथ. तिसऱ्यांदा करू पाहणाऱ्या आईचा हात अण्णांनी धरला. तेव्हापासून मिक्सर पडवीत गेला आणि खोबऱ्याची चटणी पाट्यावर आली. पाटा-वरवंट्याचं काम अण्णांनी मागून घेतलं. चटणी पूर्वीपेक्षा चांगली होते, हे आईलासुद्धा मान्य करावं लागलं.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचलं. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोन संशोधकांनी 1980 साली एक प्रयोग केला. अवघ्या दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. विशिष्ट लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. त्या एवढ्याशा बाळांनी चोखण्याची लय बदलून आपापल्या आईचा आवाज मागून घेतला. हे वाचून मी इतका हरखलो की रात्री बायकोला उठवून सांगितलं. पुढं वाचत गेलो तर चार वर्षांनी डीकॅस्पर यांनीच बापाच्या आवाजाचा तसाच प्रयोग केल्याचं दिसलं. बाळांना दोन पुरुषांच्या आवाजांतला फरक कळत होता, पण आपल्या बापाच्या आवाजाला त्यांनी परक्या पुरुषापेक्षा जास्त पसंती दिली नाही. कारण उघड आहे. आईचा आवाज तिच्या हाडामांसातून थेट आत पोचतो, बापाचा बाहेरून, पोटाच्या भिंतीतून, दबत दबत जातो.

बायकोनं हे शांतपणे ऐकलं आणि गणिताच्या बाईंनी द्यावा तसा गृहपाठ दिला. "मग रोज जवळ बसून मोठ्यानं वाचत जा." काय वाचू, हा प्रश्न पडला. पुस्तकं संध्याकाळपर्यंत थकलेल्या तिलाच झोप आणायची. शेवटी मी वर्तमानपत्र वाचू लागलो, त्यातही मला नीट वाचता येतं ते पान, म्हणजे बाजारभाव. राजापुरी हळद, गूळ, बेदाणा, सोयाबीन. रोज रात्री जेवणानंतर बायकोच्या शेजारी बसून मी पोटाशी वाकून भाव सांगतो. बेदाण्याचा भाव चढला की आतून हालचाल होते, असं बायकोचं निरीक्षण आहे. "हे पोर व्यापारी होणार," अण्णा म्हणतात. "मला चालेल, पण पाढे माझ्याकडनंच शिकायचे," बायको म्हणते. प्रयोगात काय दिसलं ते मला ठाऊक आहे, तरी वाचन सोडलेलं नाही. ओळख पटायला बाळाला बाहेर आल्यावर आयुष्य पडलंय. रोज त्याच्याशी बोलायची सवय मात्र मला आत्ताच लागायला हवी.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बायकोचं माहेर देवरुखचं. सातव्या महिन्यात तिनं जायचं, असं दोन्हीकडच्यांनी न बोलता गृहीत धरलं होतं. ही रीत वाईट नाही. सासरच्या कामातून सुटका, आईच्या हातचं जेवण, स्वतःच्या घरातली झोप, हे सगळं त्या बाईचं हक्काचं होतं आणि ज्या काळात ते सासरी मिळायची शक्यता नव्हती त्या काळात रीतीनं ते मिळवून दिलं. पण त्या रीतीत बाप दोन-तीन महिने पाहुणा होतो. बायकोला ते नको होतं. ती म्हणाली, "मला आईही पाहिजे आणि तूही पाहिजेस. आईला इकडे आणता येईल, तुझं यार्ड देवरुखला नेता येणार नाही."

यावर अण्णा आणि माझे सासरे यांची फोनवर जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. तारीख ऑगस्टच्या मध्यावरची. सासरे म्हणाले, ऐन पावसात आंबा घाटात दरड कधी कोसळेल याचा नेम नाही, तेव्हा तिला आधीच इकडे आणून ठेवू. अण्णा म्हणाले, दरड तुमच्याकडे, म्हणजे तिकडे धोका जास्त. सासरे म्हणाले, पण पूर तर तुमच्याकडे. अण्णा गप्प झाले, कारण आमचं घर गावभागात आहे. 2005 ला पाणी आलं, 2019 ला आलं, 2021 ला आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. मधल्या घराच्या भिंतीवर तेव्हाची ओल आजही पोपडे धरते. दोघे व्याही बराच वेळ एकमेकांना आपापली संकटं वाढवून-कमी करून सांगत राहिले. आपल्या गावचा धोका लहान कसा आहे हे इतक्या पोटतिडकीनं पटवताना मी दोन माणसांना पहिल्यांदाच ऐकलं.

निकाल बायकोनं लावला. वही घेतली आणि मांडणी केली. दवाखाना मिरज रस्त्याला. माझी मावशी विश्रामबागेत उंचवट्यावर राहते, तिथं 2019 ला पाणी आलं नव्हतं. म्हणून जुलै संपता संपता मुक्काम मावशीकडे हलवायचा, पूर येवो न येवो. त्याआधी कृष्णेचं पाणी 35 फुटांना लागलं तर त्याच दिवशी हलायचं. इशारा पातळी 40 फुटांची आणि धोका पातळी 45 ची, पण पोटुशी बाईला घेऊन इशाऱ्याची वाट बघायची नाही. अण्णांकडे पाणीखातं आलं. तेव्हापासून ते सकाळी दात घासायच्या आधी कोयनेतला विसर्ग आणि पुलाची पातळी बघतात आणि मोठ्यानं जाहीर करतात. रात्री माझे बाजारभाव, सकाळी अण्णांची फूटपट्टी. पोटातल्या जिवाला सांगली जिल्ह्याची निम्मी माहिती आत्ताच झाली असणार.

पुराच्या घरात बाळाची खरेदी वेगळी असते. बायकोच्या शाळेतल्या मैत्रिणींनी सागवानी कपाट सुचवलं, सुंदर होतं, चित्रं रंगवलेलं. मी नको म्हणालो. आमच्याकडे एकच नियम: एका माणसाला उचलून जिन्यानं वर नेता येईल तेवढंच घ्यायचं. म्हणून कपड्यांसाठी झाकणाचे प्लास्टिकचे डबे आले आणि त्यांच्यावर बायकोनं खडूनं लिहावं तशा ठसठशीत अक्षरात नावं घातली. पाळणा घ्यावा लागला नाही. मधल्या घराच्या तुळईला लोखंडी कडी आहे, अण्णाही तिथं झोपले, मीही झोपलो. कडीला तीनदा लोंबकळून मी तिची ताकद बघितली. सुतार म्हणाला, "साहेब, पोरगं तीन किलोचं येणार हाय, तुमच्यायेवढं न्हाई."

सासूबाई मृगाच्या आधीच आल्या. पाठोपाठ आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि बाळंतविडा. आल्या आल्या त्यांनी आणि आईनं मिळून बाळाची गोधडी काढली. आजीचं जुनं इरकली लुगडं खाली, सासूबाईंच्या आईचं सुती पातळ वर, मध्ये अण्णांचं धुऊन धुऊन लोणी झालेलं धोतर. कोपऱ्यातून टाका सुरू करायचा आणि कडेकडेनं फिरत आत आत यायचं. आईनं एक कोपरा धरला, सासूबाईंनी समोरचा. आईचा टाका लांब, ओघाचा, तासाभरात हातभर पुढे. सासूबाईंचा तांदळाएवढा. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मध्यावर भेटल्या तेव्हा गोधडीच्या एका बाजूला जाड सुरकुत्या होत्या आणि दुसरी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट. दोघींनी आपापली बाजू बाळाला जास्त उबदार लागेल, असं आदरपूर्वक सांगितलं.

मी तिसरी कड मागितली. "अहो, तुम्ही कशाला?" सासूबाई म्हणाल्या. पण सुई दिली. मांडीवर कापड ताणून धरायचं, सुईचं टोक खाली पोचलं की डाव्या हाताच्या बोटाला टोचू द्यायचं, मगच वर काढायचं, नाहीतर तीनही पदर पकडले जात नाहीत. हे त्यांनी मला माझा हात धरून शिकवलं. जावयाचा हात धरणं त्यांच्या पिढीत सोपं नव्हतं. त्या दुपारनंतर त्यांनी मला 'अहो जावईबापू' म्हणणं सोडलं आणि नावानं हाक मारायला लागल्या. माझी कड दोघींच्या मधली आहे, ना लांब ना बारीक. तिथं बाळाचे पाय येतील.

भांडण झालं ते सहाणेवरून. सासूबाईंच्या बाळंतविड्यात गुटीची सहाण होती, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड सगळं एका डबीत. आईनं तर जिवतीच्या चित्रासारखं ते जपून ठेवलं. बायको ठाम होती. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही, गुटी नाही, मध तर वर्षभर नाही. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं आणि जगभरचे बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात. दोन्ही आया एकदम एक झाल्या. "तुला गुटी दिली तर तू मोठी झालीस ना?" असं दोघींनी एका सुरात विचारलं. मी या ठिकाणी बायकोच्या बाजूनं उभा राहिलो आणि उभा राहणारच, कारण तिथं माझं काम तेच आहे. दोन्ही आयांना 'नाही' म्हणायचं ओझं एकट्या बाळंतिणीवर टाकणं मला पटत नाही. समझोता असा झाला: सहाण राहील, पूजेत राहील, वेखंडाची पूड कापडात बांधून कपड्यांच्या डब्यात राहील. बाळाच्या तोंडात काही जाणार नाही. आई रात्री अण्णांना म्हणत होती, "आताची पोरं लई शिकल्यात. पण चांगलं शिकल्यात."

डोहाळजेवण शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी झालं. हिरवी साडी, मोगऱ्याची वाडी, शाळेतल्या बाईंनी केलेला फुलांचा बाजूबंद. पंगतीला वाढायला मी आणि सासरे होतो, आणि बायकांच्या पंगतीत भात वाढणाऱ्या व्याह्याला जितका मान मिळाला तितका लग्नातही मिळाला नव्हता. मग सगळ्यांना हवा असलेला खेळ आला: दोन झाकलेल्या वाट्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी, पेढा आला तर मुलगा. हा खेळ मला आवडत नाही, आणि हे मी मोकळेपणी लिहितो. मिरज तालुक्यातलं म्हैसाळ आमच्या शेजारचं गाव. 2017 च्या मार्चमध्ये तिथल्या ओढ्याकाठी 19 भ्रूण पुरलेले सापडले. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानं केला, देशभराचा कायदा 1994 चा, आणि तरीही आमच्या शेजारच्या गावात हे घडलं. ज्या जिल्ह्यात हे झालं, तिथं वाटीखाली काय आहे याची उत्सुकता गमतीची राहत नाही.

बायकोलाही हे ठाऊक होतं. तिनं वाट्या स्वतः मांडल्या होत्या. सगळ्यांनी श्वास रोखला, तिनं उजवी वाटी उचलली. खाली भडंग. कुजबुज झाली. तिनं डावीही उचलली. तिच्याखालीही भडंग, आमच्या सांगलीचं, लसूण घातलेलं, झणझणीत. "आल्या आल्या त्याला असं वाटायला नको की आपण कुणाचा तरी अंदाज चुकवला," ती म्हणाली. क्षणभर शांतता होती, मग शेजारच्या काकूंनी पहिली मूठ उचलली आणि ताट दोन मिनिटांत रिकामं झालं. पेढे-बर्फीचा खेळ इतक्या लवकर आणि इतक्या आनंदानं संपलेला मी बघितला नाही. ज्यांच्या घरी पुढं डोहाळजेवण असेल त्यांनी हे जरूर करून बघावं.

आता आषाढ संपत आलाय. बायकोनं हिशेब करून ठेवलाय: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि नऊ महिने पुढं जायचं, म्हणजे 280 दिवस. अण्णांच्या नऊ महिने नऊ दिवसांत आणि डॉक्टरांच्या तारखेत फरक दोनच दिवसांचा निघाला, तेव्हा अण्णांनी तो आपला विजय मानला. ठरल्या तारखेलाच येणारी बाळं शंभरात चार-पाच असतात, त्यामुळे आम्ही सगळेच मोकळ्या मनानं तयार आहोत. डबे मावशीकडे पोचलेत. फाइल, आधार कार्ड, गोधडी एका पिशवीत. मी रजेच्या आधीची कामं उरकतो आहे.

बारसं बहुधा भाद्रपदात होईल आणि गावभागातच होईल. येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. अंगडी-टोपडी नवजात मापाची आता पुरे, आणायचीच असतील तर सहा महिन्यांच्या पोराला होतील अशी आणा. हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका आणि त्याचा पापा घेऊ नका. मुलगा की मुलगी हे आधी विचारू नका, आधी बाळंतिणीला विचारा की ती जेवली का.